सम्राटाचं रिकामं थडगं आणि एक लॉजवाला

आजच्या भागाची सुरुवात एका थकलेल्या उधारीपासून करू.

1518 सालचा हिवाळा. पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट पहिला मॅक्सिमिलियन, वय 59, तब्येत खालावलेली, आल्प्समधल्या आपल्या लाडक्या इन्सब्रुक शहरात पोचतो. सोबत मोठा लवाजमा आणि घोडे. आणि शहरातले लॉजवाले काय म्हणतात? आधीची बिलं भरा, मग बघू! सम्राटाला तिथून निघावं लागतं. पुढे 12 जानेवारी 1519 ला वेल्स नावाच्या गावात तो मरण पावतो.

प्रोजेक्टसाठी म्युनिकला होतो तेव्हा एका शनिवारी मी इन्सब्रुकला गेलो होतो. ट्रेनने दोनेक तास लागतात. जुनं शहर इतकं लहान आहे की अर्ध्या तासात चालून होतं. दगडी कमानींखालून गेलेल्या गल्ल्या, आणि मान वर केली की गल्लीच्या टोकाला थेट बर्फाचा डोंगर. त्या गल्लीत सगळे मोबाइल एकाच दिशेला रोखलेले असतात, ते म्हणजे ‘सोनेरी छप्पर’.

नावावरून काहीतरी भव्य वाटतं ना? प्रत्यक्षात तो एका इमारतीला काढलेला सज्जा आहे. त्यावर तांब्याची 2657 कौलं, सोन्याचा मुलामा दिलेली. 1500 साली हे काम पूर्ण झालं. राजाने इथे बसून चौकातले खेळ बघायचे, आणि लोकांनी राजाला बघायचं. सज्ज्यावरच्या शिल्पात मॅक्सिमिलियनने स्वतःला एकदा नाही, दोनदा कोरून घेतलंय.

मग एवढा पैसा असताना बिलं का थकली? तर पैसा होता, पण गहाण होता. जवळच श्वाझला चांदीच्या मोठ्या खाणी होत्या. ती चांदी आउग्सबुर्गच्या फुगर सावकारांकडे आधीच कर्जापोटी लावलेली. पगार जमा व्हायच्या आधीच ईएमआय कापला जावा, तसं. उरलेला पैसा लढायांमध्ये आणि स्वतःच्या स्मारकात जायचा.

ते स्मारक सोनेरी छपरापासून पाच मिनिटांवर आहे, होफकिर्शे म्हणजे दरबारी चर्चमध्ये. आत शिरलात की दचकायला होतं. थडग्याच्या दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच असे काळपट ब्राँझचे 28 पुतळे उभे आहेत. 20 पुरुष, 8 स्त्रिया. सम्राटाचे पूर्वज, नातेवाईक आणि त्याने स्वतःहून ‘आपले’ ठरवलेले लोक! त्यात चक्क राजा आर्थर आहे. दंतकथेतला राजा, पण वंशावळीत शोभून दिसतो म्हणून घेतला. त्या पुतळ्याची रचना ड्यूररची मानतात. मूळ यादीत असे 40 पुतळे होते; निधी आणि आयुष्य, दोन्ही पुरलं नाही.

मधोमध संगमरवराची मोठी पेटी. तिच्यावर सम्राटाच्या पराक्रमांची 24 शिल्पं, आणि सगळ्यात वर तो स्वतः गुडघे टेकून प्रार्थना करतोय.

आणि पेटी रिकामी आहे. मॅक्सिमिलियनला पुरलंय ते दूर वीनर नॉयश्टाटला. त्याची इच्छाच तशी होती. पण एवढे अवजड पुतळे तिथल्या चॅपेलमध्ये मावणारे नव्हते. शेवटी त्याचा नातू पहिला फर्डिनांड याने 1553 ते 1563 या काळात या पुतळ्यांसाठी इन्सब्रुकमध्ये हे चर्च बांधलं.

आजोबांच्या स्मृतीसाठी चर्च बांधणारा फर्डिनांड लक्षात ठेवा, कारण आपल्याला परत सोनेरी छपरापाशी जायचंय. 25 फेब्रुवारी 1536. त्याच छपरासमोर याकोब हुटर नावाच्या माणसाला जिवंत जाळलं. पेशाने टोप्या बनवणारा. बाप्तिस्मा बाळाला नको, समजत्या वयात स्वेच्छेने घ्यावा, असं मानणाऱ्या पंथाचा तो पुढारी होता. राज्य फर्डिनांडचंच. आज तिथे हुटरच्या नावाची पाटी आहे, पण सेल्फी घेणाऱ्यांच्या गर्दीत मला ती दुसऱ्या फेरीत दिसली. त्याला कबर नाही. मात्र त्याच्या नावाचे हुटराइट लोक आजही हजारोंच्या संख्येने कॅनडा-अमेरिकेत एकत्र शेती करून राहतात.

मग दरबारी चर्चमध्ये कोण आहे? बाजूच्या भिंतीपाशी पांढऱ्या संगमरवराचा एक पुतळा आहे, हातात झेंडा घेतलेला. हा आंद्रेआस होफर. व्यवसाय? डोंगरातल्या एका खोऱ्यात सराई चालवायचा. म्हणजे आपल्या भाषेत लॉजवालाच!

1805 मध्ये नेपोलियनने टिरोल प्रांत बव्हेरियाला देऊन टाकला. 1809 मध्ये होफरने शेतकऱ्यांना घेऊन उठाव केला, शहराजवळच्या बेर्गीझेल टेकडीवर लढाया जिंकल्या आणि काही आठवडे थेट राजवाड्यातून कारभार पाहिला. तो निव्वळ पोस्टरवरचा हीरो नव्हता, हेही सांगायला हवं. उठाव करणाऱ्यांचा देवीच्या लसीलाही विरोध होता, आणि बायकांनी अंग किती झाकावं याचे हुकूम होफरने काढले होते. पण ज्या ऑस्ट्रियन सम्राटासाठी तो लढला, त्यानेच तहात टिरोल सोडून दिलं. होफर पकडला गेला आणि 20 फेब्रुवारी 1810 ला मांतुआत त्याला गोळ्या घातल्या. 1823 मध्ये त्याच्या अस्थी इथे आणल्या.

म्हणजे मॅक्सिमिलियनसाठी बांधलेल्या चर्चमध्ये मॅक्सिमिलियन नाही, सराईवाला आहे. मी गेलो तेव्हा सगळी गर्दी मधल्या रिकाम्या पेटीभोवती होती. तुम्ही गेलात तर बाजूच्या भिंतीपाशीही दोन मिनिटं थांबा. आणि सोनेरी छपराचा फोटो काढून झाला की ती पाटी शोधा.

तुमच्या गावात असं कुणाचं नाव गर्दीत हरवलंय का? मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!