रणगाड्याच्या पायाखालचं शेत

अहमदनगरचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय १९९४ साली सुरू झालं. तिथं येणारा प्रत्येक जण तोफेच्या नळीसोबत सेल्फी काढतो. माझं म्हणणं, नजर जरा खाली न्या आणि पट्टा बघा. पोकलेनला असते तीच ही चेन. तिचा शोध लढाईसाठी नाही, शेतासाठी लागला.

कॅलिफोर्नियात स्टॉकटनजवळच्या नदीकाठच्या भुसभुशीत जमिनीत वाफेवरचे अवजड ट्रॅक्टर रुतून बसायचे. बेंजामिन होल्टने चाकं रुंद करून पाहिली, तरी भागेना. शेवटी २४ नोव्हेंबर १९०४ रोजी त्याने एका ट्रॅक्टरची मागची चाकं काढून तिथं लाकडी ठोकळ्यांचे पट्टे बसवून चाचणी घेतली. म्हणजे होल्टचा पट्टा नव्या गाडीबरोबर आला नाही, असलेल्या गाडीला जोडला गेला. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत प्लगइन.

तत्त्व साधं आहे. चिखलातून जायचं तर आपण फळी टाकतो, कारण फळीवर वजन पसरतं. पट्टा म्हणजे गाडीने स्वतःच पुढे टाकायची आणि मागून उचलायची फळी.

पहिल्या महायुद्धात होल्टचे ट्रॅक्टर तोफा ओढू लागले. सप्टेंबर १९१६मध्ये सोमच्या लढाईत ब्रिटिशांनी पहिले रणगाडे उतरवले, आणि पट्टा म्हटलं की युद्धच आठवू लागलं.

जोडकामाची वाट मात्र चालू राहिली. रशियाच्या झारच्या गाड्या सांभाळणाऱ्या अडॉल्फ केग्रेस या फ्रेंच माणसाने बर्फासाठी मोटारींच्या मागच्या चाकांच्या जागी लवचिक पट्टे बसवले. पुढे तशाच सिट्रोएन गाड्यांनी १९२२-२३च्या हिवाळ्यात सहारा ओलांडलं. १९३१मध्ये त्यांतल्या दोन श्रीनगरहून हिमालय चढून गिलगिटला पोचल्या. एडमंड हिलरी तर ४ जानेवारी १९५८ रोजी चक्क शेतीच्या फर्ग्युसन ट्रॅक्टरांवरून दक्षिण ध्रुवावर पोचले. त्या छोट्या ट्रॅक्टरांच्या पुढच्या-मागच्या चाकांभोवती पट्टे चढवले होते, एवढंच.

पण पट्टा म्हणजे जादू नव्हे. आपल्या संग्रहालयात पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन रणगाडाही आहे. सप्टेंबर १९६५मध्ये पंजाबातल्या असल उत्तरला असे ४० टनांहून जड पॅटन, आपल्या सैन्याने पाणी सोडलेल्या उसाच्या शेतांत रुतले. तिथंच अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या तोफेने रणगाडे उडवले आणि वीरमरण पत्करलं. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. ओल्या उसात पट्टाही फसतो, हे उसाच्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको.

मग आपल्या शेतात काय? अकोल्याच्या भातखाचरात चिखलणीला ट्रॅक्टरच्या चाकांना लोखंडी केज व्हील लावतात. तेही जोडकामच, स्वस्त आणि काढता-घालता येणारं. चाक काढून त्याच जागी बसवायचे रबरी पट्ट्यांचे संच जगात मिळतात, पण ते महाग असतात आणि रस्त्यावर गाडीचा वेग कमी करतात. आपला ट्रॅक्टर सकाळी शेतात असतो आणि संध्याकाळी ट्रॉली घेऊन कारखान्याच्या रस्त्याला. अशा दुहेरी नोकरीत टायरच जिंकतो.

किंमत मोजते ती जमीन. काळ्या मातीला वाफसा यायच्या आत जड ट्रॅक्टर घातला की चाकाखालची माती दाबून घट्ट होते. मग मुळं अडतात, पाणी नीट मुरत नाही. वाट बघावी तर पेरणी लांबते. पाऊस लहरी झाला की वाफशाचे दिवस आणखी कमी होतात.

याच जिल्ह्यात लष्करी वाहनांवर काम करणारी डीआरडीओची व्हीआरडीई आहे आणि राहुरीचं कृषी विद्यापीठही आहे. दोन्हीकडे अभियंते आहेत. जड यंत्र मऊ जमिनीवर न रुतता कसं चालवायचं, हा होल्टचा प्रश्न दोघांच्याही कामाचा आहे. रणगाड्यासाठी त्यावर शंभर वर्षं डोकं आणि पैसा खर्च झाला. दोन-चार एकरवाल्याच्या छोट्या ट्रॅक्टरला परवडेल असं उत्तर काढायचं काम अजून बाकी आहे.