बंदुकीची नळी, वंगण आणि विश्वास



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर आमचा विषय वाचून दोघातिघांनी आम्हांला वाटेत अडवून विचारले, "कामगार चळवळीतली तुम्ही माणसे, तुम्हांला बंदुकीशी काय कर्तव्य?" प्रश्न रास्त आहे. आमची हयात सरकी, रुई, पट्टे आणि बेअरिंगे यांच्या सहवासात गेली. बंदूक आम्ही धरली ती जत्रेत फुगे फोडण्यापुरती. शाळाही आम्हांला फार लाभली नाही. जे काही वाचले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून. पण ज्याने यंत्राला तेल घातले आहे त्याला बंदुकीची नळी परकी वाटण्याचे कारण नाही. नळी हेही एक यंत्रच आहे. तिच्यात एक वस्तू दुसऱ्या वस्तूला घासून पुढे जाते. आणि जेथे घर्षण आले तेथे वंगण आलेच. हे वंगण कशाचे असावे, ते कोणी लावावे आणि त्यात काय आहे हे कोणी कोणास सांगावे, या तीन प्रश्नांनी हिंदुस्थानच्या इतिहासात केवढी उलथापालथ केली, ते आज पाहावयाचे आहे.

आधी नळीची गोष्ट. जुन्या ठासणीच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे. गोळी नळीपेक्षा थोडी लहान, त्यामुळे ती सहज आत उतरे. पण बाहेर पडताना डगमगत जाई आणि शे-दीडशे पावलांपलीकडे नेमाचा भरवसा नसे. नळीच्या आतून वळणदार खाचा पाडल्या तर गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि सरळ जाते, हे युरोपातल्या कारागिरांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. अडचण एवढीच, की खाचांत घट्ट बसणारी गोळी तोंडाकडून ठोकून ठोकून आत घालावी लागे. १८४९ च्या सुमारास मिनिए या फ्रेंच कप्तानाने तोड काढली. त्याने गोळीचे बूड पोकळ ठेवले. गोळी सैल आत उतरावी, आणि दारू पेटली की वायूच्या दाबाने ते पोकळ बूड फुलून खाचांना भिडावे, अशी ती योजना. याच धर्तीवर इंग्रजांनी १८५३ मध्ये एन्फील्ड रायफल तयार केली.

मात्र काळ्या दारूचा एक दुर्गुण आहे. ती जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात मागे राहतो. थोडा धुरावाटे जातो, उरलेला नळीला किटणासारखा धरतो. दहापाच बार झाले की नळी आवळत जाते आणि गज मारूनही गोळी खाली सरकत नाही. यावर उपाय स्निग्ध पदार्थाचा. गोळीभोवतीच्या कागदाला चरबी किंवा मेण लावले म्हणजे किटण मऊ राहते आणि पुढची गोळी जाताना ते पुसून नेते. एन्फील्डच्या काडतुसाला चरबी लावली ती या कारणाने, कोणाला बाटविण्याकरिता नव्हे. हिंदुस्थानच्या उन्हात ही चरबी वितळून कागदात जिरे आणि गोळी अडे. पुढे इंग्रजांना गोळीचा व्यासच कमी करावा लागला. एवढे या वंगणाचे महत्त्व!

१८५३ हे साल आपण वऱ्हाडकरांनी विशेष लक्षात ठेवावे. ज्या वर्षी ही रायफल मुक्रर झाली, त्याच वर्षीच्या मे महिन्यात निजामाशी तह करून इंग्रजांनी वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतला. कशासाठी? 'हैदराबाद कंटिंजंट' नावाच्या फौजेचा खर्च भागविण्यासाठी. या फौजेची एक छावणी आपल्या दक्षिणेला हिंगोलीस होती. म्हणजे वाशीम-कारंज्याकडच्या कुणब्याने कापूस आणि जोंधळा पिकवून जो सारा भरला, त्यातून शिपायांचा पगार आणि दारूगोळा भागत होता. बंदूक त्याच्या हाती नव्हती. तिचा खर्च मात्र त्याच्या माथी होता.

याच साली नव्या काडतुसांचे काही नमुने हवापाण्याच्या परीक्षेसाठी विलायतेहून हिंदुस्थानात आले. त्या वेळी बंगाल फौजेतील कर्नल टकर या अधिकाऱ्याने डिसेंबरात लेखी इशारा दिला की, या वंगणाने शिपायांच्या जातिधर्मास बाध येत नाही अशी खात्री झाल्याशिवाय ती देशी पलटणींना देऊ नयेत. इशारा वेळेवर होता, लेखी होता आणि स्वच्छ होता. तो कागद दप्तरात पडून राहिला. पुढे कलकत्त्यास काडतुसे तयार होऊ लागली तेव्हा चरबी ठेकेदाराकडून आली. ती कोणत्या जनावराची हे पाहण्याची खास खबरदारी घेतली गेली नव्हती, असे पुढे चौकशीत शस्त्रखात्याच्या अधिकाऱ्यालाच सांगावे लागले.

मग ही बातमी फुटली कशी? आम्हां कामगारांना या इतिहासातला हाच प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडम येथे दारूगोळ्याच्या कोठारावरील एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाजवळ त्याच्या लोट्यातले पाणी मागितले. शिपायाने जात पुढे करून नकार दिला. तेव्हा खलाशी म्हणाला की, जातीचा तोरा आता किती दिवस मिरवाल? लवकरच तुम्हांला गाईची नि डुकराची चरबी लावलेली काडतुसे दातांनी तोडावी लागणार आहेत. कॅप्टन राइट याने २२ जानेवारीच्या पत्रात ही हकीकत वर कळविली, म्हणूनच ती आज उपलब्ध आहे. त्या खलाशाचे नाव मात्र कोणी टिपून ठेवले नाही. श्रोतेहो, विचार करा. काडतुसात काय आहे हे पलटणीच्या कर्नलास सांगता येत नव्हते. कोठारातल्या हमालाला ते ठाऊक होते. ज्याच्या हाताचे पाणी चालत नव्हते, त्याच्याच तोंडून सगळ्या पलटणीला खरी गोष्ट कळली.

त्या काळी काडतूस म्हणजे कागदाची पुडी. शिपायाने तिचे टोक दातांनी फाडायचे, दारू नळीत ओतायची आणि चरबी लावलेल्या कागदासकट गोळी खाली ठासायची, अशी कवायत होती. चरबी ओठाला लागणारच. हिंदूला गाय, मुसलमानाला डुक्कर. दोघेही एकाच पुडीत अडकले.

सरकार जागे झाले नाही असे नाही. २७ जानेवारीस हुकूम सुटला की, काडतुसे कोरी द्यावीत आणि शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण स्वतः लावावे. मेण आणि वनस्पतिजन्य तेल असा पर्याय होताच. आपल्या वऱ्हाडातल्या जवसासारखे तेल. पुढे दातांऐवजी बोटांनी पुडी फाडण्याचीही मुभा मिळाली. परंतु संशयाने आता जागा बदलली होती. शिपाई म्हणू लागले, हा कागदच तुळतुळीत आहे, जळताना चरचरतो, यातच काही असले पाहिजे. फेब्रुवारीत बहरामपूर, मार्चात बराकपूर आणि मंगल पांडे, असे प्रकरण चढत गेले. २४ एप्रिलला मीरतेस घोडदळाच्या ९० स्वारांपैकी ८५ जणांनी काडतुसे घेण्याचे नाकारले. ती काडतुसे तर जुन्या तऱ्हेची, पूर्वीपासून वापरातली होती! तरी कोणी हात लावीना. ९ मे रोजी त्यांना सर्वांसमक्ष बेड्या ठोकल्या. १० मे रोजी मीरत पेटले.

सत्तावन्नच्या उठावाला केवळ काडतूस कारण झाले असे आम्ही म्हणणार नाही. अयोध्येचे राज्य खालसा झाले होते, शेतसारा जाचत होता, शिपायांचे भत्ते कापले जात होते. सरपण रचलेलेच होते. पण ठिणगी पडली ती वंगणाच्या प्रश्नावर. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वेळी द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले होते. वाटेत ऐकलेली काडतुसांची कथा त्यांनी पुढे लिहून ठेवली आणि १९०७ मध्ये 'माझा प्रवास' या नावाने त्यांचे लेखन छापून प्रसिद्ध झाले. डमडमच्या कोठारातून निघालेली गोष्ट एका कोकणी भिक्षुकाच्या वहीपर्यंत पोचली, यावरून तिचा वेग ध्यानात यावा.

उठाव मोडल्यावर देश निःशस्त्र करण्याचे धोरण आले आणि १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने त्यावर कायमचे शिक्कामोर्तब झाले. स्वातंत्र्यानंतर १९५९ मध्ये नवा कायदा होईपर्यंत तो चालला. दरम्यान काडतूस पितळेचे झाले, दात आणि बोटे दोन्ही सुटली. पुण्याजवळ खडकीस १८६९ मध्ये काडतुसांचा कारखाना निघाला आणि मराठी कामगाराचा हात या धंद्याला लागला. वंगण गेले नाही; ते आत शिरले. मार्टिनी-हेन्री रायफलच्या काडतुसात गोळीमागे मेणाची चकती असे. थ्री-नॉट-थ्रीच्या दस्त्यात तेलाची छोटी पितळी कुपी आणि चिंधी ओढण्याची दोरी ठेवण्याची सोय असे. १९४८ नंतर एन.सी.सी.मध्ये गेलेल्या आपल्यापैकी अनेकांनी ती 'पुलथ्रू'ची दोरी ओढली असेल. चिंधी मागच्या बाजूने घालून तोंडाकडे ओढावयाची, असे उस्ताद सांगत. कारण नळीच्या तोंडाची कड झिजली की नेम गेला.

आता साध्या माणसाच्या बंदुकीकडे वळू. हवेच्या बंदुकीलाही मोठा इतिहास आहे. ऑस्ट्रियाच्या फौजेने १७८० च्या सुमारास जिरांदोनीची हवेची रायफल वापरात आणली होती. पण हवा कोंडून धरणारी तिची यंत्रणा निगराणीला नाजूक, म्हणून ती मागे पडली. आज आपल्याला माहीत आहे ती छर्‍याची बंदूक. तिचा छर्रा शिशाचा, ४.५ मिलिमीटरचा, कमरेत बारीक आणि मागे पोकळ असतो. हवेच्या दाबाने त्याचा मागचा घेर फुलून खाचांना भिडतो. मिनिएची युक्तीच ती, फक्त धाकट्या रूपात.

या बंदुकीत दारू नाही, म्हणून किटण नाही. नळीत साचतो तो शिशाचा अंश आणि जुन्या तेलाचा चिकटा. तेव्हा रोज उठून नळी घासण्याची गरज नसते; नेम पसरू लागला की साफ करावी. आधी बंदूक रिकामी आहे ना, हे पाहावे. मऊ चिंधी किंवा लोकरीची दाबलेली गुंडी मागून पुढे न्यावी. मात्र स्प्रिंगच्या बंदुकीतून अशी हलकी गुंडी एकटी उडवू नये, कारण पुढे विरोध नसला की दट्ट्या आपटतो. तारेचा ब्रश टाळावा, कारण या नळीचे पोलाद मऊ असते. साफ केल्यावर नळी पुन्हा रुळायला काही बार जाऊ द्यावेत. छर्‍यांना तेल लावावयाचेच तर शे-दोनशे छर्‍यांना हलक्या तेलाचा एखादा थेंब पुष्कळ झाला. त्याने शिसे नळीला कमी चिकटते आणि छर्‍यांवर पांढरी भुकटी धरत नाही. खोबरेल थंडीत गोठते आणि जवसाचे तेल वाळून वार्निशासारखे बसते. दोन्ही कामाची नाहीत. हवेच्या कोठीत खनिज तेल तर मुळीच घालू नये. दट्ट्या सुटला की कोंडलेली हवा क्षणार्धात काही शे अंशांपर्यंत तापते आणि ते तेल डिझेल इंजिनासारखे पेट घेते. मोठा आवाज आणि धूर पाहून पोरे खूष होतात. पण स्प्रिंग आणि वायसर यांचे आयुष्य संपते आणि कोणताही बार दुसऱ्यासारखा जात नाही.

हा सारा काटेकोरपणा कशासाठी? दहा मीटरच्या सामन्यात निशाणाचा मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. १९८४ पासून हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आहे. मुंबईच्या अंजली भागवत २००० मध्ये सिडनीला त्याच्या अंतिम फेरीत पोचल्या, सुमा शिरूर २००४ मध्ये अथेन्सला. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला जगज्जेता झाला. ज्या देशात शंभर वर्षांपूर्वी सामान्याच्या हाती बंदूक दिसली तर गुन्हा ठरे, तेथली मुले-मुली हे करून दाखवीत आहेत, याचा अभिमान वाटतो.

पण आमचा मूळचा प्रश्न येथेही सुटलेला नाही. छर्रे शिशाचे. शिसे हे विष आहे, आणि त्याची अमुक मात्रा निर्धोक असे जागतिक आरोग्य संघटना मानीत नाही. लहान मुलांच्या मेंदूला त्याचा धोका सर्वांत मोठा. जत्रेत फुग्यांच्या पाटीमागे दिवसभर छर्रे भरणारे पोर त्याच हाताने भजे खाते, कधी मूठ रिकामी व्हावी म्हणून छर्रे ओठांत धरते. त्याला हे कोणी सांगितले आहे? हात साबणाने धुवावेत, छर्रे तोंडात धरू नयेत, बंद खोलीत नेमबाजी असेल तर हवा खेळती ठेवावी, एवढे सांगायला पैसा लागत नाही.

आमच्याच अनुभवातली गोष्ट. एका कारखान्यात यंत्रांना तेल घालणाऱ्या गड्यांच्या हातांवर पुरळ उठू लागले. पिंपावरची चिठ्ठी काढून टाकलेली होती. तेल कसले, हे विचारले तर उत्तर मिळे, "तुम्हांला काय करायचे? घालायचे तेवढे घाला." हे उत्तर ऐकून आम्हांला डमडमची आठवण झाली. हाताळणाऱ्याला वस्तूची माहिती असण्याचा हक्क आपल्या कायद्यात फार उशिरा आला. १९८४ मध्ये भोपाळला विषारी वायूने हजारो जीव गेले, तेव्हा कोठे १९८७ मध्ये १९४८ च्या कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन धोकादायक पदार्थांची माहिती कामगारांना देणे मालकावर बंधनकारक झाले. टकरच्या इशाऱ्यापासून मोजले तर मध्ये १३४ वर्षे गेली.

आमचे सांगणे थोडक्यात असे. १८५७ चा हुकूम उदार होता, पण तो संशयानंतर आला. तोच खुलासा १८५३ मध्ये, कोणी विचारण्यापूर्वी, झाला असता तर निदान काडतुसावरून तरी कोणाचा विश्वास उडाला नसता. वाशीम जिल्ह्यात जेथे जेथे मुलांच्या हाती एअर रायफल दिली जाते, त्या शाळांना, क्लबांना आणि जत्रेतल्या पाटीवाल्यांना आमची विनंती आहे की, छर्‍यांचा डबा पुढे करण्यापूर्वी तो कशाचा आहे हे मुलाला सांगावे, आणि पाण्याची बादली व साबण जवळ ठेवावा. जिनिंगमध्ये काम करणाऱ्या आमच्या बांधवांनीही पिंपावरची चिठ्ठी मागून घ्यावी. ती मागण्याचा त्यांना आता कायद्याने हक्क आहे.