भातखाचर आणि पायाचे नख

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत पायाच्या नखाला लागणाऱ्या बुरशीचा इतिहास भातशेतीच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या प्रदेशात कुणबी, आगरी, महादेव कोळी, ठाकूर, वारली व कातकरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या राबावर, म्हणजे पालापाचोळा, फांद्या व शेण जाळून भाजलेल्या जमिनीवर, रोपे वाढवली आणि चिखलणी केलेल्या खाचरांत अनवाणी उभे राहून त्यांची लावणी केली. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये या राबाचे वर्णन आढळते, आणि त्यासाठी लागणाऱ्या झाडपाल्यावरील निर्बंधांचा वाद इतका पेटला की १८८५ साली मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. जमिनीला काय हवे, यावर त्या काळी एवढा खल झाला. लावणी करणाऱ्यांच्या पायांचे काय होते, हा मात्र त्या चर्चेचा विषय नव्हता.

दिवसचे दिवस पाण्यात राहिल्याने बोटांच्या बेचक्यांतील कातडी पांढरी पडून फाटते, तिला चिखल्या म्हणतात. सुश्रुतसंहितेने हाच विकार ‘अलस’ या नावाने क्षुद्ररोगांत नोंदवला असून दूषित चिखलाचा स्पर्श हे त्याचे कारण दिले आहे, आणि पायांवर कांजी शिंपून कडुनिंब, तीळ, हिराकस आदींचा लेप सांगितला आहे. खेड्यांत मेंदी, हळद आणि करंजाचे तेल यांवर भिस्त राहिली. त्यांनी आग व खाज शमत असली, तरी चिखल्यांत वाढलेली बुरशी नखाच्या कडेखाली शिरून केराटिन, म्हणजे नख ज्याचे बनते ते प्रथिन, खाऊ लागली की बाहेरचा लेप तिथवर पोहोचत नाही. नख पिवळे, जाड व भुसभुशीत होत जाते.

नखाच्या या विकारामागे बुरशी असते, हे जर्मनीतील गेओर्ग माइसनर यांनी १८५३ साली दाखवले. १९३९ मध्ये वेगळे काढलेले ग्रिसिओफुल्विन १९५८ च्या सुमारास माणसांना पोटातून देता येऊ लागले आणि १९९० च्या दशकात टर्बिनाफिनने उपचाराचा काळ पुष्कळ घटवला. त्याच शतकात ट्रायकोफायटन रुब्रम ही बुरशी बंद बुटांच्या प्रसाराबरोबर जगभर पसरली, कारण बुटात साचलेला घाम तिला वर्षभर ओलावा पुरवतो. त्यामुळे चिखलातून निघून मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात बूट घालून उभा राहणारा तरुण या रोगापासून सुटला, असे मानता येत नाही.

खरी अडचण काळाची आहे. पायाचे नख मुळापासून टोकापर्यंत नवे येण्यास बारा ते अठरा महिने लागतात, म्हणजे ते पूर्ण वाढण्याआधीच पुढची लावणी येते. शिवाय दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांचा गावच्या आरोग्य केंद्राशी संबंध तुटतो, आणि साधारण तीन महिन्यांचा गोळ्यांचा क्रम मधेच थांबतो. या खंडात दुकानातून आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम शिरते, ज्याने कातडीवरची खाज चार दिवसांत जाते पण बुरशी अधिक फोफावते. २०१८ साली अशा स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीचे बंधन घालावे लागले, ते याच गैरवापरामुळे.

विद्रूप झालेले प्रत्येक नख बुरशीचे नसते. कुदळीचा मार आणि सोरायसिस यांनीही ते तसेच दिसते. म्हणून नखाचा चुरा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावाचून, आणि गोळ्या यकृताला सोसतील का हे पाहिल्यावाचून, औषध सुरू करू नये. कापणीनंतरचे कोरडे महिने हाच उपचाराचा योग्य काळ असल्याने, आरोग्य यंत्रणेने त्या हंगामात तपासणी करावी आणि गोळ्यांचा पूर्ण क्रम मजुरांबरोबर भट्टीपर्यंत पोहोचवावा.