१०५ : एका आकड्याचा प्रवास

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलशी आपला संबंध तसा दूरचाच, आणि आमचेही त्या खेळाचे ज्ञान मुख्यतः वाचनातून आलेले. तरीही त्याच्या इतिहासातील एक आकडा आम्हांला पुन्हा पुन्हा थांबवतो. तो आकडा म्हणजे १०५.

मैदानात एका वेळी एका बाजूचे ११ खेळाडू उतरतात. मग संघात शंभरावर मुले कशासाठी? १९६५ च्या सुमारास खेळाडू बदलण्यावरची बंधने उठली आणि चढाईचे ११ वेगळे, बचावाचे ११ वेगळे, अशी विभागणी रूढ झाली. शिवाय खेळ धसमुसळा. कोण केव्हा जायबंदी होईल याचा नेम नाही. म्हणून प्रत्येक जागेमागे दुसरी, तिसरी फळी उभी करावी लागते.

या फळ्यांचा खर्च शिष्यवृत्तीतून निघतो. गरजू विद्यार्थ्यालाच मदत द्यावी, असा नियम एनसीएए या नियामक संस्थेने १९४८ मध्ये केला. तो १९५१ मध्येच मोडीत निघाला. १९५६ पासून केवळ खेळाच्या बळावर शिष्यवृत्ती देणे राजरोस झाले. श्रीमंत विद्यापीठे मग हवे तितके खेळाडू घेऊ लागली. त्यांतले काही खेळण्यासाठी असत, तर काही प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागू नयेत एवढ्यासाठीच.

खर्चाचा हा भार पाहून १९७३ मध्ये मर्यादा आली : एकूण शिष्यवृत्त्या १०५, वर्षाला नव्या ३०. त्याच वर्षी चार वर्षांची हमी जाऊन शिष्यवृत्ती एकेका वर्षाची झाली. पुढे १९७८ मध्ये मर्यादा ९५ वर आली आणि १९९४ पर्यंत ८५ वर. या ८५ मध्ये डोकी मोजली जात, रक्कम नव्हे. अर्धी शिष्यवृत्ती दिली तरी एक जागा पूर्ण खर्ची पडे.

एका वर्षाच्या हमीचे खरे मोल येथे कळते. प्रवेशासाठी काही मुले अपात्र ठरणार, हे गृहीत धरून प्रशिक्षक जागांपेक्षा जास्त मुलांशी करार करीत. मिसिसिपी विद्यापीठाने २००९ मध्ये असे ३७ करार केले, तेव्हा त्यांच्या साखळीने २८ ची आणि २०११ मध्ये २५ ची मर्यादा घातली. अंदाज चुकला आणि मुले जास्त झाली, तर कोणाची तरी शिष्यवृत्ती पुढे चालू राहत नसे. ताळेबंद जुळे, पण ज्याचे नाव खोडले गेले त्याचे शिक्षणही त्याच ताळेबंदात होते.

या ८५ च्या बाहेर आणखी एक वर्ग होता : स्वखर्चाने शिकणारा, बिनशिष्यवृत्तीचा खेळाडू. सरावात पहिल्या फळीचा मार खाणे हेच बहुधा त्याचे काम. परंतु त्याच वाटेने आलेल्या बेकर मेफील्डने २०१७ मध्ये हाइझमन हा सर्वोच्च पुरस्कार मिळवला.

६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी 'हाउस' खटल्यातील तडजोड मान्य केली आणि ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांपुरती शिष्यवृत्त्यांची मर्यादा संपली. तिच्या जागी आली संघाच्या एकूण आकाराची मर्यादा, आणि तीही १०५ चीच. या सर्वांना शिष्यवृत्ती देता येते. मात्र १०६ वा मुलगा पदरचे पैसे घालूनही संघात राहू शकत नाही. ज्यांची नावे या नियमापायी गळली, त्यांच्यासाठी न्यायाधीशांनी मान्यता काही आठवडे रोखून धरली. त्यांना मर्यादेबाहेर ठेवण्याची मुभा अखेर मिळाली, पण त्यांना परत घ्यायचे की नाही हे विद्यापीठाच्या मर्जीवर राहिले.

५२ वर्षांनी आकडा तोच आला, पण १९७३ मध्ये त्याने पैशाला कुंपण घातले होते, २०२५ मध्ये माणसांना. पहिल्या कुंपणाबाहेर उभ्या राहिलेल्या मुलाला निदान सरावाला येता येत होते. सुधारणेचा हिशेब मांडताना त्या मुलाची जागा कोठे धरायची, हा प्रश्न आम्हांला अजून सुटलेला वाटत नाही.