तळटीप ७ : ‘मोठा मासा’

७. हा चिनी डोमिनोच्या ‘तिऊ यू’ म्हणजे ‘मासे धरणे’ या खेळातला शब्द आहे. अमेरिकेतील कँटनी मजुरांकडून माहिती घेऊन स्ट्युअर्ट क्युलिनने १८९५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या लेखनात त्याची नोंद केली. चिनी संचात ३२ सोंगट्या असतात. कोरे घर एकाही सोंगटीवर नसते. एक्के आणि चौके लाल रंगाचे असतात. या खेळाला दोन संच लागतात. एकूण ६४ सोंगट्या पालथ्या ठेवून चार-चारांच्या सोळा चळती रचतात, आणि एका टोकाच्या चार चळती उलगडून पटावर मांडतात, हेच ‘तळे’. दोघे खेळत असतील तर प्रत्येकी तीन चळती, तिघे असतील तर प्रत्येकी दोन. खेळाडू हातातल्या सोंगटीच्या एकूण ठिपक्यांशी जुळणारी सोंगटी तळ्यातून उचलतो, म्हणजे पाच-तीनने चार-चार धरता येते. जुळले नाही तर हातची सोंगटी तळ्यात जाते. मग राशीतून एक सोंगटी उलटायची, तिलाही हाच नियम.

प्रसंग समजायला गुणांची रीत महत्त्वाची. आठ किंवा अधिक ठिपक्यांची सोंगटी ‘मोठा मासा’, तिच्या प्रत्येक ठिपक्याला दोन गुण. त्याहून लहान माशाचे फक्त लाल ठिपके मोजतात, एकाला एक गुण. ही बेरीज दोन दशकांच्या मध्ये पडली तर पुढचे पूर्ण दशक धरतात. म्हणून नायक हाती आलेला सहा-सहा सोडायला तयार नाही: त्या एका सोंगटीचे २४ गुण होतात.