ऑर्टोनाला गेलात तर थोडं दक्षिणेलाही जा

इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर ऑर्टोना नावाचं एक छोटं बंदर आहे. समोर एड्रियाटिक, म्हणजे भूमध्य समुद्राचाच एक फाटा. जुन्या रेल्वेमार्गावर केलेली सायकलवाट इथून किनाऱ्याकिनाऱ्याने व्हास्तोपर्यंत जाते. वाटेत पाण्यात लाकडी खांबांवर उभी असलेली मासेमारीची मचाणं दिसतात. त्यांना तिथे त्राबोक्की म्हणतात. सुट्टीसाठी एकदम झकास जागा.

कॅनडात शिकला असाल तर हे नाव कदाचित कानावरून गेलं असेल. डिसेंबर १९४३ मध्ये लॉयल एडमंटन रेजिमेंट आणि सीफोर्थ हायलँडर्स ऑफ कॅनडा या पलटणी इथे आठवडाभर गल्लोगल्ली लढल्या. रस्त्यावर मशिनगनचा मारा, म्हणून सैनिक एका घराची भिंत फोडून शेजारच्या घरात शिरायचे. नाताळच्या दिवशी सीफोर्थचे जवान पाळीपाळीने एका चर्चमध्ये येऊन जेवले आणि परत लढायला गेले. २८ डिसेंबरला गाव हाती आलं. जवळच्या मोरो रिव्हर दफनभूमीत १६०० हून जास्त कबरी आहेत, त्यातल्या १३७५ कॅनेडियन.

आता नकाशा जरा डावीकडे सरकवा. कॅनेडियन डिव्हिजनच्या बाजूला, समुद्रापासून थोडं आत, त्याच महिन्यात कोण लढत होतं? आठवी भारतीय डिव्हिजन. पंजाबी, गुरखा आणि ब्रिटिश पलटणींच्या सोबत तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटणही होती. नोव्हेंबरअखेर ही डिव्हिजन सांग्रो नदी ओलांडून आली, मग काल्दारी आणि व्हिला ग्रांदेसाठी झुंजली. मोरो नदीवर तिच्या सॅपर्सनी बांधलेला पूल तर आजही सांगण्यासारखा आहे. रस्त्याच्या वळणामुळे आपल्या काठावरून पूल पुढे सरकवता येईना, म्हणून त्यांनी सामान पलीकडे नेलं आणि शत्रूच्या काठावरून उलटा बांधत आणला. त्याचं नावच पडलं ‘इम्पॉसिबल ब्रिज’.

मग ही गोष्ट आपल्या घरात कुणी का सांगत नाही?

एक कारण राजकारणाचं. ऑर्टोनात लढणारे कॅनेडियन स्वतःहून भरती झालेले होते, मराठेही तसेच. पण सप्टेंबर १९३९ मध्ये कॅनडाने युद्धात उतरायचं ते आपल्या पार्लमेंटमध्ये ठरवलं. भारताच्या वतीने व्हाइसरॉय लिनलिथगोंनी परस्पर जाहीर केलं, इथल्या पुढाऱ्यांना विचारलंसुद्धा नाही. १९४३ मध्ये साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहत होतं, आणि त्याच साताऱ्याची पोरं इटलीत ब्रिटिशांच्या सैन्यात होती. स्वातंत्र्यानंतर पहिली गोष्ट अभिमानाने सांगितली गेली. दुसरी कुठे बसवायची तेच कळेना. पण दोन्हीकडे पोरं एकाच मातीतली होती. अनेक घरांना तेव्हा पलटणीचा पगार हाच आधार होता. एकाची आठवण ठेवायला दुसऱ्याला विसरावं लागत नाही.

दुसरं कारण अगदी साधं आहे. कबर डोळ्यांना दिसते, राख दिसत नाही. कॅनेडियन जवानाच्या नावाचा दगड उभा असतो, त्याच्यापुढे फूल ठेवता येतं. मुसलमान जवानांच्याही कबरी आहेत. हिंदू आणि शीख जवानांना मात्र त्यांच्या रीतीप्रमाणे अग्नी दिला गेला. मागे उरली फक्त नावं. त्या टापूतल्या अशा ५०० हून जास्त भारतीय जवानांची नावं सांग्रो रिव्हर दफनभूमीतल्या स्मारकावर कोरलेली आहेत. हे ठिकाण तोरिनो दी सांग्रो गावाजवळ आहे, आणि ती सायकलवाट याच गावाच्या किनाऱ्यावरून जाते. म्हणजे सुट्टीवर आलेला माणूस एका दिवसात दोन्ही जागा बघू शकतो. पण दुसरी जागा आहे हेच बहुतेकांना ठाऊक नसतं.

विसरलेलं परत आठवताही येतं. जुलै १९४४ मध्ये आत डोंगराळ भागात मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे वयाच्या २२ व्या वर्षी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ मध्ये मोंतोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं.

जाण्याआधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर रेजिमेंटचं नाव शोधा. एक गोष्ट लक्षात ठेवा, तिथे जुनं इंग्रजी स्पेलिंग आहे: एम, ए, एच, आर, ए, टी, टी, ए. बऱ्याच नोंदींमध्ये वडिलांचं आणि गावाचंही नाव मिळतं. एखादं गाव तुमच्या आजोळच्या शेजारचं निघालं, तर आजीला फोन करून विचारा. ते घर तिच्या ओळखीचं असेलही.