शनवारचा घाणा

सातारा-सांगलीच्या मुलखांत लिंगायत घरांतून सोमवारीं बैल न जुंपण्याची चाल जुनी आहे. सह्याद्रि उतरून कोंकणांत गेलें कीं विसांव्याचा आणखी एक वार आढळतो. कुलाब्यांत, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यांत, कांहीं तेल्यांचे घाणे शनिवारीं थांबत. म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणूं लागले. ते स्वतःस बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलचीं लेकरें, म्हणवीत. अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्याशीं आपल्या पूर्वजांचें गलबत फुटलें, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. हिब्रू ग्रंथ राहिले नाहींत, मराठी मायबोली झाली. परंतु सुंता, ‘शेमा’ची प्रार्थना आणि शब्बाथ हीं टिकलीं.

सातांतला एक दिवस घाणा बंद ठेवणें तेलावर पोट भरणाऱ्या घराला सोपें नव्हे. शेजाऱ्याच्या हातीं बैल देऊन तेल काढून घ्यावें, असा मोह कोणासही व्हावा. यहुदी धर्मशास्त्रानें नेमकी हीच वाट अडविली आहे. परधर्मीयानें यहुद्यासाठीं शब्बाथच्या दिवशीं केलेल्या कामाचा लाभ त्या दिवशीं घेतां येत नाहीं. रात्र पडून शब्बाथ संपला, तरी तें काम करण्यास जितका वेळ लागेल तितकें थांबावें लागतें. मात्र शेजाऱ्यानें स्वतःसाठीं दिवा लावला असेल, तर त्याच्या उजेडांत बसण्यास हरकत नाहीं.

आणि यहुद्यानेंच नियम मोडला तर? या प्रश्नावर ताल्मूदांत तीन रब्बींचा मतभेद नमूद आहे. चुकून शिजविलेलें अन्न रब्बी मेईर त्याच दिवशीं खाऊं देतात. रब्बी यहूदा रात्रीपर्यंत थांबवितात, आणि जाणूनबुजून शिजविणाऱ्यास तें अन्न कायमचें वर्ज्य ठरवितात. रब्बी योहानान हसांदलार यांच्या मतें बुद्ध्या शिजविलेलें अन्न कोणासच कधींही चालत नाहीं. १५६५ सालीं व्हेनिस येथें छापलेल्या ‘शुल्हान आरूख’ या ग्रंथांत योसेफ कारो यांनीं मधलें मत स्वीकारलें. दोषी मनुष्यास तें अन्न कधींच मिळूं नये. इतरांस मात्र शब्बाथ संपतांच चालावें. दंड मनुष्याला आहे, अन्नाला नव्हे.

तेलाविषयीं तर इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नेंत स्पष्ट सवलत आहे. शुक्रवारीं दिवस असतांच जैतुनाच्या घाण्यावर जड तुळई टेकवून ठेवावी. पुढें तिच्या भारानें काम आपोआप चालू राहिलें, तरी दोष नाहीं. एरवीं भांडणारे हिल्लेल व शम्माय यांचे पंथ येथें एकमत आहेत. कोंकणी घाण्याला ती सवलत निरुपयोगी होती. बैल फिरल्यावांचून लाट फिरत नाहीं, आणि दहा आज्ञांत गुराढोरांनाही त्या दिवशीं विसांवा सांगितला आहे.

हा शास्त्रार्थ शनवार तेल्यांच्या हातीं पुष्कळ उशिरां आला. कोचीनच्या यहुदी शिक्षकांनीं त्यांस विधी शिकविले. १७९६ सालीं सामाजी हसाजी दिवेकर यांनीं मुंबईंत त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. ग्रंथ येण्यापूर्वींच्या काळांत शनिवारीं घाणा न फिरविण्याच्या साध्या नेमानें त्यांची ओळख राखली होती.